क्षणभर गेलेली वीज

जुन्नरचें नांव निघालें कीं शिवनेरी, लेण्याद्रि आणि नाणेघाट हीं तीन स्थळें मराठी माणसाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. आंबेगांव म्हटलें कीं भीमाशंकर आणि घोड नदी आठवते. या दोन तालुक्यांचा जुना इतिहास शिलालेखांत आणि कागदपत्रांत आहे, व तो वाचणारे पुष्कळ झाले. नवा इतिहास मात्र तारांत, खांबांवर आणि लोखंडी पेट्यांत सांठलेला असल्यामुळें तो वाचण्याचें कोणी फारसें मनावर घेत नाहीं. नारायणगांवाजवळ आर्वी येथें १९७१ सालीं उपग्रहामार्फत परदेशाशीं बोलणारें भारतांतील पहिलें व्यापारी भूकेंद्र सुरू झालें. पुढें विक्रम साराभाई यांच्या स्मरणार्थ त्यास 'विक्रम' हें नांव मिळालें. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आंत त्याच नारायणगांवच्या पूर्वेस, खोडदच्या माळावर आणि आसपासच्या शिवारांत, तीस प्रचंड थाळ्या उभ्या राहिल्या.

दोन्ही ठिकाणीं मुख्य काम एकच होतें: मोठें जड यंत्र आकाशांतील एका बिंदूकडे वळवावयाचें आणि वळलेलें तसेंच धरून ठेवावयाचें. या कामांतला सर्वांत चिवट शत्रु कोणता असें विचारलें तर वारा, पाऊस किंवा गंज यांचीं नांवें आधीं सुचतील. परंतु विजेवर चालणारीं अवजड यंत्रें ज्यांनीं सांभाळलीं आहेत त्यांचें उत्तर बहुधा निराळें येईल. वीज कायमची गेली तर तो प्रसंग साधा असतो; कोठें तरी तार तुटलेली असते, फ्यूज उडालेला असतो, माणूस जाऊन पाहतो आणि दुरुस्ती करतो. पण जी वीज क्षणभर जाते आणि शोधणारा येऊन पोंचेपर्यंत परत येऊन बसते, ती माणसाची परीक्षा पाहते. तिच्या शोधाचा इतिहास सुमारें पाऊणदोनशें वर्षांचा असून त्याचा एक धागा न्यूयॉर्कच्या लिफ्टपासून निघून थेट खोडदपर्यंत येतो.

प्रथम खोडदची हकीकत सांगितली पाहिजे. प्रोफेसर गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनीं १९७० सालीं निलगिरींत उटकमंडजवळ ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी एक रेडिओ दुर्बीण उभी केली होती. डोंगराचा उतार पृथ्वीच्या अक्षाला समांतर सांपडल्यामुळें ती दुर्बीण एकाच अक्षाभोंवतीं फिरविली तरी तारा दिवसभर दृष्टींत राहत असे. पुढची दुर्बीण मात्र अनेक थाळ्यांची आणि सर्व दिशांस वळणारी करावयाची होती. तिच्यासाठीं शहरांच्या विद्युत्-गोंगाटापासून दूर, भोंवतीं डोंगरांचा आडोसा असलेली, तरीही पुण्यापासून मोटारीनें दोन-अडीच तासांत गांठतां येईल अशी जागा हवी होती. पुण्याच्या उत्तरेस सुमारें ऐशीं किलोमीटरांवरील खोडद या कसोट्यांना उतरलें. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें उभारलेली ही 'जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप' ४ ऑक्टोबर २००१ रोजीं राष्ट्रास अर्पण करण्यांत आली.

तीस थाळ्यांपैकीं चौदा मध्यभागीं सुमारें एक चौरस किलोमीटरांत आहेत; उरलेल्या सोळा तीन फांट्यांवर पसरलेल्या असून सर्वांत दूरच्या दोन थाळ्यांमधील अंतर सुमारें पंचवीस किलोमीटर भरतें. प्रत्येक थाळीचा व्यास ४५ मीटर. एवढी थाळी पत्र्याची केली असती तर वाऱ्याच्या धक्क्यानें ती मोडली असती, अथवा तिला धरून ठेवणारा सांगाडा परवडला नसता. म्हणून ताणलेल्या पोलादी दोरांवर बारीक तारेची जाळी बसविण्यांत आली. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखी वाटते, आणि वारा मात्र तिच्यांतून निघून जातो. हा काटकसरीचा विचार भारतीय घराला शोभणाराच म्हटला पाहिजे.

आतां या थाळीकडे जरा दुसऱ्या दृष्टीनें पाहावें. एका क्षितिजसमांतर अक्षावर अनेक टनांचा भार तोललेला आहे. पलीकडे तोल सांभाळणारें प्रतिभाराचें वजन आहे. मोटर आहे, दांत्यांचीं चाकें आहेत, विशिष्ट मर्यादेपलीकडे गेल्यास वीज तोडणाऱ्या कळा आहेत, आणि मोटर थांबली कीं भार जागच्या जागीं धरणारा ब्रेक आहे. हें वर्णन ज्यानें मुंबईच्या एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरील लिफ्टची खोली आंतून पाहिली असेल त्याला ओळखीचें वाटेल. लिफ्टचा पिंजरा वर जातो, थाळीची कड वर जाते. एका यंत्रांत माणसें असतात, दुसऱ्यांत आकाशाचा एक तुकडा असतो. परंतु मधल्याच उंचीवर असतांना वीज गेली तर काय, हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

या प्रश्नाला पहिलें पटणारें उत्तर एलायशा ओटिस या अमेरिकन कारागिरानें दिलें. १८५४ सालीं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत तो उंच चढविलेल्या फलाटावर स्वतः उभा राहिला आणि त्यानें दोर तोडावयास लावला. फलाट थोडासा खचला व जागींच थांबला. युक्ति अशी होती कीं दोराच्या ताणामुळें एक स्प्रिंग वांकलेली राहत असे. ताण नाहींसा झाला कीं ती सरळ होऊन दोन्ही बाजूंच्या दांत्यांत पकड बसत असे. आपल्याकडील मोटेच्या विहिरीवर नाडा तुटला म्हणजे काय होई हें ज्यांनीं जुन्या लोकांकडून ऐकलें आहे त्यांना या युक्तीचें मोल सांगावयास नको. तिच्यांतला खरा शोध पकडीचा नव्हे. संकट आल्यावर कांहीं तरी 'करणारें' यंत्र न बसवितां, सर्व ठीक असेपर्यंत पकड 'दूर धरून ठेवणारी' शक्ति बसवावयाची, म्हणजे शक्ति गेली कीं पकड आपोआप बसते, हा तो शोध. जॉर्ज वेस्टिंगहाउसनें १८७२ च्या सुमारास आगगाडीच्या ब्रेकाला हीच कल्पना लावली: नळींतली हवा गळाली कीं सर्व डब्यांचे ब्रेक लागतात. १८८० सालीं वेर्नर फॉन सीमेन्सनें मान्हाइमच्या प्रदर्शनांत विजेची लिफ्ट दाखविली, आणि त्यानंतर ब्रेकाची स्प्रिंग मागें खेंचून धरण्याचें काम विद्युच्चुंबकाकडे आलें. वीज आहे तोंवर ब्रेक सुटलेला. वीज गेली कीं ब्रेक लागलेला.

येथपर्यंत माणसाच्या जिवाची सोय झाली. यंत्राच्या सुखाची झाली नाहीं. कारण जो ब्रेक वीज गेल्याबरोबर लागतो तो वीज सेकंदाच्या दहाव्या भागापुरती गेली तरी लागावयाचाच. ओटिसच्या यंत्रांत दोर एकदां तुटला म्हणजे तुटला. विजेचा 'दोर' मात्र तुटून पुन्हां आपणच सांधला जाऊं शकतो, आणि सांधल्यावर तुटल्याची खूण उरत नाहीं.

लिफ्टच्या नियंत्रकाची रचना पाहिल्यास या अडचणीचें स्वरूप कळेल. जुन्या नियंत्रकांत फळीवर ओळीनें रिले आणि कॉन्टॅक्टर बसविलेले असत. पुष्कळ इमारतींत ते अजूनहि खटखट करीत काम करतात. मजल्यामजल्याच्या दाराची कळ, पिंजऱ्याच्या दाराची कळ, वरच्या व खालच्या टोंकाची मर्यादा-कळ, वेग फाजील वाढल्यास उघडणारी कळ, तळच्या खड्ड्यांतली थांबविण्याची कळ, या सर्व एकामागून एक अशा एकाच तारेंत गुंफलेल्या असतात. या साखळींतून वीज शेवटपर्यंत पोंचली तरच मुख्य कॉन्टॅक्टर ओढला जातो. दहा मजली इमारतींत असे वीस-पंचवीस जोड सहज होतात, आणि त्यांपैकीं कोणताहि एक क्षणभर उघडला कीं लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्यें उभी राहते. कारागीर येतो, दारें उघडझांक करतो, लिफ्ट धांवूं लागते. तो निघून जातो, आणि संध्याकाळीं तीच तक्रार पुन्हां येते.

असें कां व्हावें? पितळेच्या अथवा तांब्याच्या दोन तुकड्यांचा स्पर्श आपल्याला सलग वाटतो. प्रत्यक्षांत तो कांहीं सूक्ष्म उंचवट्यांवरच होत असतो. तेथें धूळ बसली, तेलाचा धूर बसला, किंवा ठिणग्यांनीं काजळी धरली म्हणजे वाट अरुंद होते. स्क्रू सैल असला तर दिवसभराच्या भारानें जोड तापतो, फुगतो, थंड झाल्यावर आकसतो आणि रोज केसभर अधिक सैल होतो. तांब्याला ॲल्युमिनियम जोडलें असेल तर दोघांचें फुगण्याचें प्रमाण निराळें, शिवाय ॲल्युमिनियमवर चटकन् बसणारा गंजाचा थर विजेला अडविणारा. यावर लिफ्टचा स्वतःचा हादरा आहेच. म्हणून दोष सकाळीं नसतो, दुपारीं असतो. रिकाम्या लिफ्टला नसतो, भरलेल्या लिफ्टला असतो. लोक म्हणतात, यंत्र लहरी आहे. यंत्राला लहर नसते. दोषाच्या वेळा कोणी लिहून ठेवलेल्या नसतात, एवढेंच.

या शोधांत मापकयंत्रहि माणसाला फसवितें, ही गोष्ट विशेष ध्यानांत घेण्यासारखी आहे. उत्तम प्रतीचें व्होल्ट मोजण्याचें यंत्र तारेंतून जवळजवळ कांहींच प्रवाह ओढीत नाहीं. त्यामुळें काजळलेल्या जोडाच्या पलीकडे तें लावलें तरी पूर्ण दाब दाखवितें. पण कॉन्टॅक्टरचें वेटोळें जोडून प्रवाह मागितला कीं तोच दाब त्या काजळींत खर्च होऊन नाहींसा होतो. कोरड्या नळाला बोट लावून ओल पाहणें आणि बादली खालीं ठेवून पाहणें यांत जो फरक तोच येथें. म्हणूनच जुने वायरमन महागड्या यंत्रापेक्षां दोन तारा लावलेल्या साध्या दिव्यावर अधिक विसंबत. दिवा प्रवाह ओढतो, आणि जोड कच्चा असेल तर मंद जळून चुगली करतो. मात्र चालत्या नियंत्रकांत असला दिवा लावणें अंगावर बेतण्यासारखें असल्यामुळें हल्लीं तो प्रकार निषिद्ध मानला जातो, आणि तें योग्यच आहे. त्याऐवजीं साखळी चालूं असतांनाच एकेका जोडाच्या दोन टोंकांमधील दाब मोजतात. चांगल्या जोडावर तो जवळजवळ शून्य भरतो. जेथें कांहीं व्होल्ट 'हरवतात' तेथें चोर बसलेला असतो. तपासहि पहिल्या कळेपासून क्रमानें न करतां मधल्या जागीं सुरू करतात. तेथपर्यंत ठीक असेल तर अर्धी साखळी एकदम निर्दोष ठरते, मग उरलेल्या अर्ध्याचा मध्य घ्यावयाचा. बत्तीस जोड असले तरी पांच तपासण्यांत दोष हातीं लागतो. अर्थात् तपासाच्या वेळीं दोष जागेवर असला तर!

याच ठिकाणीं कित्येकांचा धीर सुटतो आणि एक अक्षम्य प्रकार घडतो. दाराची कळ त्रास देते म्हणून तिच्या दोन टोंकांना तारेचा तुकडा बांधून देतात. लिफ्ट मग कधींच अडत नाहीं, कारण दार उघडें असलें तरी ती धांवते. ओटिसनें दोर तोडून जें मिळविलें तें असल्या वीतभर तारेनें घालविलें जातें. लिफ्टच्या अपघातांत माणूस दार उघडून रिकाम्या विहिरींत पाय टाकतो असें जेव्हां वाचावयास मिळतें, तेव्हां कळ मोडकी असणें किंवा तिला असा बांध घातलेला असणें, हीं कारणें प्रथम पाहावीं लागतात. मुंबई इलाख्यानें १९३९ सालींच लिफ्टचा कायदा केला व पाहणीची सक्ति घातली; महाराष्ट्रानें २०१७ मध्यें सरकत्या जिन्यांचाहि समावेश करून त्याच्या जागीं नवा कायदा केला. कायद्यानें पाहणारा अधिकारी येतो; तारेचा तुकडा मात्र तो येण्याच्या आदल्या दिवशीं काढून ठेवतां येतो, हेंहि खरेंच.

सर्वच वेळां दोष साखळींत असतो असें नाहीं. कित्येकदां नियंत्रक निर्दोष असून बाहेरून येणारी वीजच बुडी मारते. कॉन्टॅक्टरवरील दाब नेहमींच्या निम्म्याच्या आसपास उतरला कीं तो बहुधा सुटतो, आणि त्याला पन्नास आवर्तनांच्या विजेचीं दोन-चार आवर्तनें पुरतात. म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाहूनहि कमी वेळ. घरांतला दिवा तेवढ्यांत नुसता लवतो. या बुडीचें कारण शोधावयाचें तर मात्र इमारतीच्या बाहेर पडून खांबाखांबानें चालावें लागतें, आणि ही वाट आपल्याला पुन्हां जुन्नर-आंबेगांवच्या शिवारांत आणून सोडते.

महाराष्ट्रांत मोठ्या प्रमाणावर वीज आली ती १९१५ सालीं, टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत् केंद्रापासून. पण ती मुंबईच्या गिरण्यांसाठीं. खेड्यापाड्यांत ती पसरविण्याचें काम मुख्यतः १९६० मध्यें स्थापन झालेल्या राज्य वीज मंडळाच्या काळांत झालें. कोयना उभी राहिली, खांब आले, आणि मोटेच्या जागीं पंप बसले. घोड, कुकडी, मीना यांच्या खोऱ्यांत धरणें व कालवे झाल्यावर ऊस, द्राक्षें, टोमॅटो यांची शेती वाढली आणि एकेका डी.पी.वर पंपांची दाटी झाली. २००५ सालीं मंडळाचे भाग पडून वितरणाचें काम महावितरणकडे गेलें. त्या सुमारास भारनियमन हा शब्द घरोघर पोंचला. शेतीच्या तीन फेजच्या विजेला कांहीं दिवस दिवसाची आणि कांहीं दिवस रात्रीची पाळी लागली.

आतां ठरलेल्या वेळीं वीज परत येते तो क्षण डोळ्यांपुढें आणावा. पुष्कळ शेतकऱ्यांनीं स्टार्टरला ऑटो स्विच जोडलेला असतो, म्हणजे वीज आली कीं पंप आपणच सुरू व्हावा. मोटर सुरू होतांना नेहमींच्या पांच-सात पट प्रवाह ओढते. एकाच तारेवरील सगळे पंप एकाच क्षणीं असा प्रवाह मागूं लागले म्हणजे दाब बुडतो, कॉन्टॅक्टर सुटतात, दाब वर येतो, पुन्हां सगळे ओढले जातात. खांबावरचा एखादा सैल जंप या ओढाताणींत ठिणग्या टाकूं लागतो. एक फेज जाते. दोन फेजवर घुमत राहिलेली मोटर जळूं नये म्हणून स्टार्टर तिला बंद करतो. ऑटो स्विच प्रत्येकाच्या दृष्टीनें सोयीचा, सर्वांच्या दृष्टीनें घातक, असा हा प्रकार आहे. महावितरण तो लावूं नका असें सांगत आलें आहे. पण जो शेतकरी तो लावतो त्याचेंहि एक कारण आहे, आणि तें ऐकून घेण्यासारखें आहे.

स्टार्टर सुटला कीं तो पुन्हां दाबावयास माणसाला रात्रीं विहिरीवर जावें लागतें. वाट उसांतून जाते. जुन्नर विभागांत २००१ च्या सुमारास बिबट्यांचे माणसांवरील हल्ले एकदम वाढले. उसाच्या दाट पिकांत बिबट्याला लपण्यास, पिलें वाढविण्यास जागा मिळाली होती. जुन्नरजवळ माणिकडोह येथें पकडलेल्या बिबट्यांसाठीं निवारा केंद्र उघडावें लागलें. गेल्या पंचवीस वर्षांत या भागांत ज्या घरांतलीं माणसें गेलीं त्यांना 'क्षणभर गेलेली वीज' हा तांत्रिक विषय वाटत नाहीं. मुंबईच्या लिफ्टमध्यें अडकलेला गृहस्थ फार तर अर्धा तास घामाघूम होतो; येथें एक सैल जंप माणसाला बॅटरी घेऊन रात्रीं उसाच्या बांधावरून चालावयास लावतो. शेतीला दिवसा वीज द्या ही मागणी येथें इतक्या तीव्रतेनें कां होते, याचें उत्तर त्या बांधावर आहे. २०१७ मध्यें जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा उद्देशहि दिवसा वीज पुरविण्याचा आहे.

त्याच शिवारांत खोडदच्या थाळ्या उभ्या आहेत. त्यांच्यासाठीं अर्थातच डिझेलच्या जनित्रांची व बॅटरींची जोड असते. तरीहि एखाद्या थाळीच्या पेटींतला जोड क्षणभर सुटला तर ती थाळी तेवढा वेळ ताऱ्यावरून घसरते किंवा तिचा आवाज बंद पडतो. नुकसान केवढें, याचा हिशेब मौजेचा आहे. ही दुर्बीण थाळ्यांच्या जोड्या लावून पाहते. प्रत्येक थाळीचा संकेत इतर प्रत्येक थाळीच्या संकेताशीं ताडला जातो. तीस थाळ्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. एक थाळी गेली कीं २९ जोड्या एकदम जातात व ४०६ उरतात. निरीक्षणें कशीं असतात पाहा: २०२० सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत सुमारें शंभर तास आकाश पाहून ७,६५३ दीर्घिकांतील हायड्रोजनचा अत्यंत क्षीण संकेत एकत्र करण्यांत आला, तो सुमारें आठशें कोटी वर्षांपूर्वीं निघालेला होता. इतक्या दुरून आलेल्या पाहुण्याला आपला दरवाजा नेमका त्या क्षणीं बंद आढळावा, हें बरें नव्हे.

परंतु या जोड्यांच्या जाळ्यांतच दोष पकडण्याची सोयहि आहे. लिफ्टच्या साखळींत एक कडी सुटली कीं सगळी साखळी मेलेली दिसते आणि कोणती कडी हें कळत नाहीं. येथें मात्र एकच जोडी बिघडली तर दोष ताडणाऱ्या यंत्रांत असण्याचा संभव. आणि सातव्या थाळीच्या एकोणतीसहि जोड्या एकाच क्षणीं बिघडून बाकीच्या नीट असतील, तर माणसानें सातव्या थाळीकडेच जावें. शिवाय सर्व नोंदी वेळेसह जपून ठेवलेल्या असल्यामुळें दोष निघून गेला तरी त्याचें पाऊल उमटलेलें राहतें. आधुनिक लिफ्टच्या नियंत्रकांतहि आतां प्रथम कोणती कळ उघडली हें लिहून ठेवणारी स्मृति असते. लहरी म्हणून ओळखलीं गेलेलीं कित्येक यंत्रें या वहीमुळें शहाणीं ठरलीं आहेत.

सैल जोडाचा खोडदला आणखी एक उपद्रव आहे, आणि त्याचें मूळ रेडिओच्या जन्मांतच आहे. हाइन्रिख हर्ट्झनें १८८७ च्या सुमारास कार्ल्सरूह येथें विद्युत्-लहरी प्रथम निर्माण केल्या त्या ठिणगीनें. १८९० मध्यें फ्रान्समध्यें एदुआर ब्रानली यानें त्या ओळखण्यासाठीं वापरली ती धातूच्या किसाची नळी: सैल स्पर्श असलेला कीस लहर येतांच वीज वाहूं देई, आणि टिचकी मारली कीं पुन्हां अडवी. १८९५ सालीं कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं भिंतीपलीकडून घंटा वाजविली व दारू पेटविली ती याच विद्येच्या बळावर. म्हणजे ठिणगी हा पहिला रेडिओ-प्रेषक आणि सैल जोड हा पहिला रेडिओ-ग्राहक! तेव्हां खांबावरचा सैल जंप, तडकलेला चिनी मातीचा विलग किंवा गंजलेली पिन रात्रभर चुरचुरत असेल तर ती शेतकऱ्याचा पंप बंद पाडते इतकेंच नव्हे, तर खोडदच्या कानांत सतत ओरडत असते. आठशें कोटी वर्षांपूर्वींच्या हायड्रोजनची कुजबूज त्या ओरडण्यांत बुडून जाते. विजेच्या तारांवरील ठिणग्या हा या दुर्बिणीच्या मोठ्या डोकेदुखींपैकीं एक आहे, आणि तिच्या नव्या संस्करणांत असा गोंगाट निरीक्षण चालूं असतांनाच गाळणारी व्यवस्था करावी लागली आहे. पुणें-नाशिक या नियोजित लोहमार्गाच्या आंखणीसंबंधानें दुर्बिणीच्या बाजूनें जो आक्षेप निघाला, त्याच्या मुळाशींहि ही गोंगाटाची धास्ती होती.

तुटलेल्या संकेताचा अर्थ लावण्याची एक वेगळीच कामगिरी खोडदवर १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं येऊन पडली. युरोपच्या अवकाश संस्थेचें 'स्कियापरेल्ली' यान त्या दिवशीं मंगळावर उतरत होतें. त्याचा अतिशय दुबळा संकेत पृथ्वीवर थेट ऐकण्याचें काम खोडदच्या थाळ्यांकडे होतें. यान वातावरणांत शिरलें तें कळलें, छत्री उघडल्याचें कळलें. आणि उतरण्याच्या ठरल्या वेळेच्या थोडें आधीं आवाज थांबला. वीज गेली, प्रेषक बंद पडला, कीं यानच संपलें? मंगळाभोंवतीं फिरणाऱ्या सोबतच्या यानानें टिपलेल्या नोंदींवरून चौकशी झाली, आणि पुढील वर्षीं अहवाल आला. यानाचें फिरणें मोजणाऱ्या यंत्राचा कांटा सुमारें एक सेकंद आपल्या कमाल मर्यादेवर अडकून राहिला होता. त्या एका सेकंदाच्या खोट्या मापावरून नियंत्रकानें उंचीचा हिशेब केला, आणि उत्तर आलें: यान जमिनीच्या खालीं आहे. त्यानें छत्री सोडली, तीन सेकंदांत इंजिनें बंद केलीं, आणि यान सुमारें साडेतीन-पावणेचार किलोमीटर उंचीवरून कोसळलें. वीज क्षणभरहि गेली नव्हती. मापांतला एक सेकंद गेला होता. लिफ्टच्या कारागिराला यांत नवल वाटूं नये. नियंत्रक आपल्याला मिळालेल्या बातमीवर चालतो, आणि बातमी आणणारा जोड कच्चा निघाला कीं तो पूर्ण निष्ठेनें चुकीचें काम करतो.

खांबांवरील ठिणग्या शोधण्याची खोडदची पद्धत मात्र अगदीं जमिनीवरची आहे. दुर्बिणीचीं माणसें लहान दिशादर्शक अँटेना व ग्राहकयंत्र घेऊन तारांच्या वाटेनें हिंडतात; आवाज ज्या खांबाकडे वाढतो तो खांब नोंदवितात, आणि वीज वितरणाच्या लोकांकरवीं तो विलग किंवा तो जंप बदलून घेतात. मापकयंत्राला तेथें दाब पूर्ण दिसत असतो, लाइनमनच्या डोळ्यांना जोड घट्ट दिसत असतो. पण ठिणगीची चुरचुर अँटेनेला लपवितां येत नाहीं. खांबावरची पिन आवळली जाते, दुर्बिणीच्या कागदावरील काळे पट्टे नाहींसे होतात, आणि त्याच तारेवरच्या एखाद्या विहिरीचा पंप त्या रात्रीं मध्येंच बंद पडत नाहीं.